आत्यांना सांगलीला पोचवताना

लोणंद सोडलं तेव्हा आत्या भाड्याच्या गाडीत पुढे बसल्या होत्या आणि मी मागे, त्यांच्या उशा-पिशव्यांच्या गराड्यात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. कित्येक वर्षं डायलिसिससाठी मीच त्यांना साताऱ्याला नेत-आणत होते. आता तो प्रवास त्यांना झेपेना, म्हणून त्या सांगलीला माझ्या धाकट्या जावेकडे, सुवर्णाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. तिच्या घराजवळच डायलिसिस सेंटर आहे.

उंब्रजला चहाला थांबलो. त्यांचं पाणी मोजकंच, म्हणून मी नेहमीसारखा अर्धाच कप पुढे केला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "सुवर्णा आल्याचा करती. लय झ्याक."

उरलेला चहा मी पिऊन टाकला.

इस्लामपूरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती. "औंदा ऊस चांगला हाय," आत्या खिडकीतून बघत म्हणाल्या. साताऱ्याच्या वाटेवर त्यांनी कधी बाहेर पाहिलं नव्हतं. डोळे मिटून माझ्या खांद्यावर पडून असायच्या.

सांगलीत रात्रीच्या जेवणाला सुवर्णानं भाजी उकडून, पाणी काढून टाकून फोडणीला घातली होती. आत्यांना तशीच चालते.

"कुणी सांगितलं गं तुला?" मी सुवर्णाला विचारलं.

"तुम्हीच की अक्का, फोनवर."

दुसऱ्या दिवशी सेंटरमधल्या डॉक्टरांनी साताऱ्याचे कागद वाचले आणि म्हणाले, "रक्ताच्या काही तपासण्या पुन्हा कराव्या लागतील. रिपोर्ट आल्याशिवाय मशीन देता येत नाही."

दुपारपर्यंत आत्यांच्या पायांवर सूज चढली, धाप लागू लागली. मी पाय चेपत बसले, सुवर्णा लॅबमध्ये जाऊन तगादा लावत होती. शेवटी रिपोर्ट घेऊन तीच धावत आली.

"एकालाच आत थांबता येईल," सिस्टर म्हणाल्या. मी उठलेच होते.

"सुवर्णाला ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर शेजारच्या बाईंनी कुरमुऱ्यांचं भडंग पुढे केलं. "आत गेली ती त्यांची लेक व्हय?"

"नाही. सूनच. आम्ही दोघी सुना."

"मला आपली लेकच वाटली."

भडंग तिखट होतं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी त्यांना सांगितलं.

आत्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला, पण श्वास सुरळीत होता. "सुई दुखली का?" मी विचारलं. साताऱ्यात सुई टोचताना त्या माझा हात घट्ट धरायच्या.

"न्हाई गं. कळलं बी न्हाई."

निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "आता तुला जरा इसावा."

एसटीनं एकटीच परतले. लोणंदला पुढच्या डायलिसिसच्या दिवशी सवयीनं पहाटे जाग आली. आवरलं, वेणी घातली आणि मग जायचं कुठंच नाही हे लक्षात आलं. संध्याकाळी फोन केला. "झालं व्यवस्थित," सुवर्णा म्हणाली, "जेवून गाढ झोपल्यात."

त्यांना बरं वाटावं असंच मला वाटत होतं, अगदी मनापासून. फक्त माझ्यावाचून इतक्या लवकर नको होतं.