धोंड्याच्या महिन्यात उडवलेली सिस्टीम

धोंड्याच्या महिन्यात जावयाला सगळं माफ असतं. माफीचा इतका त्रास होतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी सासुरवाडी अमडापूरची. मी पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत बिलं तपासतो. पण ‘कॉम्प्युटर कंपनी’ एवढंच ऐकून सासऱ्यांनी, म्हणजे निवृत्त मास्तरांनी, मला परस्पर इंजिनीयर करून टाकलं, आणि मीही तो गैरसमज नव्या सदऱ्यासारखा मिरवत राहिलो. मेहुण्याचं उलट होतं. तो लग्नांचं शूटिंग करतो, घरीच कॉम्प्युटरवर बसून कापतो-जोडतो, आणि झकास करतो. पण मास्तरांच्या लेखी ते कामच नव्हतं. एवढा हंगाम पाहू, नाहीतर ते मशीन बंद आणि जावयांच्या ओळखीनं पुण्यात नोकरी, असं त्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं.

आम्ही धोंड्याच्या जेवणाला गेलो त्या सकाळी मेहुणा घरी नव्हता. मास्तर म्हणाले, “जावईबापू, याचं मशीन चालू केलं का आधी काळा पडदा येते अन् काहीबाही विचारते. काऊन?” एवढं बोलून ते बाजारात गेले.

मी मशीन पाहिलं. मेहुण्यानं विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीमही टाकून ठेवली होती, म्हणून दोन्हींपैकी कोणतं चालू करू, असं ते दरवेळी विचारत होतं. लिनक्स बरेच दिवस उघडलेलं दिसत नव्हतं. नुसती जागा अडवून बसलंय, असं मीच ठरवलं आणि मेहुण्याला एक फोनही न करता ते उडवून टाकलं. मशीन पुन्हा चालू केलं, तर काळा पडदा आला तो काही न विचारता. वर दोन इंग्रजी ओळी आणि खाली लुकलुकणारी रेघ. दोन्ही सिस्टीमना उठवणारा तो छोटासा प्रोग्राम लिनक्सच्याच पोटात होता, आणि मी ते पोटच काढून टाकलं होतं. आत देऊळघाटच्या एका लग्नाचं शूटिंग होतं. दुसऱ्या दिवशी ते नवरीकडच्यांना द्यायचं होतं.

मेहुणा आला. त्यानं पडदा पाहिला, मग मला पाहिलं. तेवढ्यात मास्तर दारात आले. “काय झालं बे?”

“काही नाही बाबा. सकाळी जाता जाता माह्या हातून काही दबलं. दाजी नीट करून राह्यलेत.”

जेवताना मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढलं. एक मशीन सांभाळता येत नाही अन् म्हणे धंदा करतो. बायको माझ्याकडे टक लावून पाहत होती. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान किती, हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं. मी मान वर केली नाही. सासूबाईंनी ताटात आणखी एक धोंडा वाढला, वर तूप सोडलं. मी तोही खाल्ला.

दुपारी मेहुण्याच्या मोटरसायकलवर बसून आम्ही चिखलीला गेलो. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून पेनड्राइव्हवर विंडोज भरून घ्यायचं होतं. वाटेत मी विचारलं, “तू कशाला अंगावर घेतलंस?”

“धोंड्यात तुमच्यावर आलं तं आईले गोड लागन का, दाजी? मले तं बाबा तसेही बोलतच राह्यतात.”

परत आल्यावर मोबाइल टेबलाखाली धरून मी एक व्हिडिओ पाहत गेलो. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, दुरुस्तीच्या खिडकीत व्हिडिओतली ओळ जशीच्या तशी टाइप केली, पेनड्राइव्ह काढला. विंडोज उभं राहिलं. मेहुण्यानं आधी देऊळघाटचं लग्न उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. मला रडूच यायचं बाकी होतं.

मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “पाह्य, शिकलेला माणूस असा असते. आजपासून जावयाले विचारल्याबिगर या मशीनले हात लावायचा नाही.”

आता मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, “मामा, मशीन मीच बिघडवलं होतं. त्याचा काही दोष नाही.”

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. मग ते मुलाकडे वळले. “ऐकलं? तुह्या चुकीवर पांघरूण घालून राह्यले ते. तुले काही लाज?”

“मामा, खरंच सांगतोय,” मी म्हणालो. तर ते सासूबाईंना हाका मारायला लागले, जावई कसा मोठ्या मनाचा आहे ते सांगायला. मेहुण्यानं हळूच मान हलवली, की पुरे आता दाजी. माझ्या प्रत्येक वाक्यागणिक त्याचाच गुन्हा वाढत होता. मी शरमेनं मान खाली घातली, तर तीही त्या घरात माझ्या विनयात जमा झाली.

मेहुण्याचा धंदा चालू आहे. फक्त मशीनमध्ये काही नवं टाकायचं असलं की तो मला फोन करतो. शेजारी मास्तर बसलेले असतात.

“दाजी, हे टाकू का?”

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी थोडा विचार केल्यासारखा थांबतो आणि म्हणतो, “टाक.”