चादरीखालचा हात

"आजीबाई, आता हलायचं नाही. श्वाससुद्धा बेताने घ्या," फोटोवाला म्हणाला आणि त्याने म्हातारीच्या डोक्यावरून जाड चादर टाकली.

आत काळोख. मांडीवर नातू आणि त्याच्या कमरेला धरून बाहेर राहिलेला तिचा एक हात. त्या काळी फोटो काही चुटकीसरशी निघत नसे. काचेवर चित्र उमटेपर्यंत सगळ्यांनी पुतळ्यासारखं बसायचं. तिच्या मुलाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला होता, सून ओठ घट्ट मिटून बसली होती. पण दात येणाऱ्या पोराला कोण समजावणार? ते आजीशिवाय कुणाकडे राहीना, म्हणून फोटोत दिसू नये अशी तिला चादरीखाली लपवून त्याला धरायला बसवलं होतं. नाहीतर आजीला नुसतं बाकावर बसवून ठेवायचं ठरलं होतं.

ठरवलं होतं तिच्याच मुलाने. स्वारी नुकतीच हेडक्लार्क झाली होती. दिवाणखान्यात लावायला फोटो हवा होता. स्टुडिओतली गुबगुबीत खुर्ची, पडद्यावर रंगवलेली पुस्तकं, अंगात मित्राचा कोट. या थाटात जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केलेली आई कशी बसवायची? "तिला उजेड सोसत नाही," असं त्याने ठोकून दिलं. तो कोटही सकाळी तिनेच इस्त्री केला होता.

नातवाने पाय झाडले. काच फुकट गेली तर खापर आपल्यावरच फुटणार! तिने हाताची पकड घट्ट केली आणि श्वास कोंडून धरला. एवढं नीट पार पडू दे, मग एक फोटो माझ्यासकट काढ म्हणेन, असं तिने मनाशी ठरवलं होतं. त्यासाठीच ती ठेवणीतलं नेसून आली होती.

"झालं!" फोटोवाला ओरडला. "आता आजींना घेऊन एक?"

"नको, उशीर होतोय," मुलगा म्हणाला. चादर तिने स्वतःच काढली.

फोटो आला, तेव्हा बाळाच्या कमरेवरचा हात लख्ख दिसत होता, मनगटावरच्या इस्त्रीच्या चटक्यासकट.

"हात खोडता येईल?" मुलाने विचारलं.

"खोडला तर बाळ पडताना दिसेल."

मुलगा विचारात पडला, मग त्याचा चेहरा खुलला. "राहू दे. विचारलं कुणी तर आया आहे म्हणू." म्हातारी शेजारीच उभी होती.

रविवारी ऑफिसचे मोठे साहेब बाईंना घेऊन चहाला आले. म्हातारीला स्वयंपाकघरातून हलायचं नाही, अशी ताकीद होती.

"अरे वा, आया ठेवलीत?" फोटोतला हात पाहून बाई म्हणाल्या.

"हो, म्हणजे... बाळासाठी."

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. सुनेकडे राहीना, बापाकडे राहीना. म्हातारीने बराच वेळ पदराचा बोळा आवळून धरला. शेवटी तिला राहवेना. ती बाहेर आली, तिने नातवाला उचललं आणि तो तिच्या खांद्यावर गप झाला.

बाईंची नजर तिच्या मनगटावर गेली. "हीच का ती?"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने डोळ्यांनीच हात जोडले. तिला त्याची कीव आली आणि संतापही आला.

"होय बाई, मीच ती," ती म्हणाली. "याच्या बापालाही मीच वाढवलं. तेव्हा मात्र तो मला आई म्हणायचा."