डाव्या हाताची चिलापी

आमच्या शेजारचा टेंपोवाला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. "बसा काका, बसा. गळाच्या बुचाकडं बघा, बुचाकडं."

लकव्याने उजवा हात गेल्यापासून माझे वडील घराबाहेर पडत नव्हते. हा गडी त्यांना रोज संध्याकाळी टेंपोत बसवून पेज नदीवर नेऊ लागला आणि डाव्या हाताने गळ टाकायला शिकवू लागला. गळ झुडपात अडकला तरी तो चिडायचा नाही, हसायचाही नाही. सोडवून पुन्हा त्यांच्या हातात द्यायचा.

एका संध्याकाळी मीही गेलो होतो. दोरीला बांधलेलं बूच अचानक पाण्यात बुडालं. बाबांच्या हातातून काठी निसटायला आली. मी धावलो, तर त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"हात नको लावू रं. मासा त्यांचा हाय, त्यांचा."

बाबांनी काठी छातीशी दाबली आणि सगळं अंग मागे झोकून ओढली. तळहाताएवढी चिलापी गवतात उड्या मारू लागली.

परतताना त्याने ओळखीच्या प्रत्येक दारापुढे टेंपो थांबवला. बाबा खिडकीतून मासा दाखवत होते आणि तो हॉर्न वाजवत ओरडत होता, "आमच्या काकांनी एकट्यानी काढला, एकट्यानी!"