कमान उतरवण्याआधी

"मी मेलेली नाही, अंथरुणाला खिळलेली नाही, साधं पडसंसुद्धा नाही मला. मग त्या शर्यतीच्या बाईंनी सकाळी सकाळी फोन करून 'आता बरं वाटतंय का' असं का विचारावं?"

मुलगा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झालेली नाडी त्याने सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"नाडी पळून जाणार नाही," ती म्हणाली. "तोंड उघड."

"मीच कळवलं त्यांना. म्हटलं, आईला बरं नाही, रविवारी दुसरं कोणीतरी बघा."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का?"

"नाही."

"मग?"

खिडकीशी नवरा वर्तमानपत्र पसरून केस कापायच्या मशिनचे दाते ब्रशने साफ करत होता. कोपऱ्यावर त्याचं सलून. आयुष्यभर लोकांच्या डोक्यात हात घालून त्याला एवढंच कळलं होतं, की दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते हात घालूनही कळत नाही. म्हणून तो मशिनमध्येच डोकं घालून होता. ओट्याशी सून शेंगा मोडत होती, तिची पाठ इकडे होती, पण मघापासून शेंगा मोडल्याचा आवाज येत नव्हता.

रविवारी तिला साठ वर्षं पूर्ण होत होती. हॉल ठरला होता, खुर्च्यांना पांढरी कापडं घालायचं ठरलं होतं, केकवर काय लिहायचं तेही दुकानदाराला सांगून झालं होतं. आणि त्याच रविवारी, इथून बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एका डोंगरातल्या गावात पळण्याची शर्यत होती. तिला तिथे जायचं होतं. हे तिने महिन्यापूर्वीच घरात सांगितलं होतं. "त्या दिवशी मी इथे नसणार," इतक्या सरळ शब्दांत. पण आईचं 'नको' म्हणजे 'अजून थोडा आग्रह करा' असा मुलाचा लहानपणापासूनचा समज. आग्रह म्हणून त्याने हॉल घेतला.

माहेरी तिला मागली म्हणत. जुळ्यांतली आधी आली ती पुढली, नंतर आली ती मागली. दोन मुलींची कोणाची तयारी नव्हती. नावं सुचेपर्यंत काम भागावं म्हणून जे ठेवलं, ते जन्मभर पुरलं. पुढली खरोखरच पुढे असायची. शाळेच्या वाटेवर, बाजारात, लग्नसमारंभात, दवाखान्याच्या रांगेत. निर्णय पुढली घ्यायची आणि पिशव्या मागली. दोघींचं यात काही बिघडत नव्हतं. लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहिल्या, आणि वाढदिवसाला एकाच केकवर दोन नावं लिहून घ्यायच्या. सुरी पुढलीच्या हातात, तिच्या हातावर मागलीचा हात.

तीन वर्षांपूर्वी पुढली गेली. संध्याकाळी खुर्चीत बसून टीव्ही बघत होती. तिचा नवरा चहा घेऊन आत आला, तोवर सगळं आटोपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मागली खचली, असं कोणी म्हटलं नसतं. ती सगळं वेळच्या वेळी करत होती, आणि जे माणूस वेळच्या वेळी सगळं करतं त्याच्याकडे कोण बघतंय? शाळेच्या बसवर ती मावशी होती. पोरांना चढवायचं, उतरवायचं, भांडणं सोडवायची, आणि बस रिकामी झाली की मागच्या बाकापर्यंत जाऊन कोणी झोपून राहिलं नाही ना ते बघायचं. तिची जागा दाराशी, पोरांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याकडे पाठ. निम्मं आयुष्य तिने उलटा प्रवास केला. कुठलंही वळण तिला मागे पडल्यावरच दिसायचं.

पळणं सुरू झालं ते ड्रायव्हरच्या चुकीमुळे. एका मुलीला तिच्या आजीच्या हातात द्यायला मागली खाली उतरली होती. दार लागलं, ड्रायव्हरला वाटलं मावशी चढल्या, आणि बस निघाली. मागलीने हाका मारल्या. मग चपला हातात घेतल्या आणि धावत सुटली. मागच्या काचेला पोरं चिकटली. त्यांना वाटलं, नवा खेळ. "मावशी, फास्ट, मावशी, फास्ट," असा आत जो गोंधळ सुरू झाला, तो ड्रायव्हरला रोजचाच वाटला. पुढच्या थांब्यावर तिने बस गाठली, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. पायरीवर बसून ती हसत होती. हसण्याचा आवाज इतक्या दिवसांनी बाहेर आला होता, की तो आपलाच का, हे क्षणभर तिला ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या आधी ती शाळेच्या मैदानावर गेली. पीटीच्या बाई तिथे खुणा आखत होत्या. "मावशी, बस इकडून जात नाही," त्या म्हणाल्या. पण मग त्यांनीच शिकवलं. "शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. गप्पा थांबल्या की वेग कमी." मागलीने शिटी ऐकली की पळायचं आणि मनात आलं की थांबायचं असं महिनोन् महिने केलं. मागली नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर दोघी मिळून परगावच्या शर्यतींना जायला लागल्या. बसमध्ये पीटीच्या बाई तोंड उघडं टाकून झोपत आणि मागली खिडकीशी, पुढे तोंड करून, जागी. गावाच्या नावाची पाटी आधी लांब ठिपक्यासारखी, मग वाचता येईल इतकी, आणि मग गावच. गावं अशी समोरून येतात, हे तिला साठीला टेकल्यावर कळलं.

पहिल्या शर्यतीत ती शेवटची आली. वाटेत एक बाई पायातला बूट काढून फुटपाथवर रडत बसली होती. बँकेत कॅशियर होती, पहिल्यांदाच आली होती, आता घरी काय तोंड दाखवू म्हणत होती. बसमध्ये रडणाऱ्या पोराला जे विचारायची तेच मागलीने विचारलं. "डब्यात काय आणलंयस?" बाई गोंधळली, मग सांगायला लागली, आणि सांगता सांगता उठली. दोघी शेवटच्या रेषेजवळ पोचल्या तेव्हा शिडीवर चढून माणसं रेषेवरची कमान उतरवायला तिच्या दोऱ्या सोडत होती. शर्यत भरवणाऱ्या बाईंनी ओरडून त्यांना थांबवलं.

त्याच बाईंनी नंतर तिला बोलावून घेतलं. प्रत्येक शर्यतीत एक माणूस मुद्दाम सगळ्यांच्या मागे ठेवतात, त्या म्हणाल्या. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि तो पोचल्याशिवाय कमान उतरवायची नाही. तुम्ही कराल का?

या वर्षात मागलीने ते तीन गावांत केलं होतं. रविवारचं चौथं.

"गेल्या वेळचा फोटो बघितलायस का तू?" मुलगा आता उभा राहिला होता. त्याचं फरश्यांचं दुकान होतं आणि दुकानात रोज शंभर तोंडं येत. "एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवला. रस्ता सगळा मोकळा, मध्ये एकटी तू, अंगात ते भगभगीत जॅकेट, आणि तुझ्या मागे अँब्युलन्स. मला म्हणतो, आईंना न्यायला आली होती का?"

नवऱ्याला हसू आलं. ते त्याने मशिनमध्ये फुंकून टाकलं.

"हसा बाबा, हसा."

"लाज वाटली होय तुला?" मागली म्हणाली. "मी पहिली आले असते तर फोटो दुकानात लावला असतास."

"लाजेचं नाही गं."

"मग कशाचं?"

तो पुन्हा नाडीकडे वाकला. तेव्हा सून वळली. तिच्या हातात शेंग होती. "सांगून टाक ना. रोज रात्री मला सांगतोस ते त्यांना सांग."

"मावशी गेली ना तशी," तो म्हणाला. "तुमचं दोघींचं नाक एक, हात एक, दाढ दुखायची तीसुद्धा एकाच बाजूची. मग हृदय वेगळं कुठून असेल? तू घाटात पळणार, मी इथे फरश्या मोजणार, आणि फोन वाजला की... मला नाही जमत ते."

मशिन साफ करणारा हात थांबला. मागलीला वाटलं होतं, भांडण हॉलचं आहे. पोरगा तीन वर्षं हे घेऊन हिंडतोय, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"त्यांच्या हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्यात," सून म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, डॉक्टरांची ओळख होती. "दवाखान्यातल्या पळायच्या पट्ट्यावर पळवूनसुद्धा बघितलं. मीच घेऊन गेले होते. काही दोष नाही."

"तू? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाला असतास का?"

"नाही."

"मग?"

या वेळी नवरा उघड हसला.

मागली मुलासमोर जाऊन उभी राहिली. "हे बघ. माझ्या मागे डॉक्टर असलेली गाडी असते. हाक मारायचीसुद्धा गरज नाही, मी नुसती थांबले तरी दार उघडतं. तुझ्या हॉलमध्ये माझ्या मागे कोण असणार आहे? केटरर."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. पुढली पळताना गेली नाही रे. खुर्चीत बसून गेली. आणि तू मला चार लोकांसमोर खुर्चीतच बसवायला निघालायस, वर तिला पांढरं कापड घालून."

मुलाचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागलीला वाईट वाटलं, पण बोललेलं तिने परत घेतलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि एका नावाचा केक मला कापता येणार नाही. सुरी कधी माझ्या हातात नव्हतीच."

"दोन नावं लिहून घेतो."

"पुढच्या वर्षी बघू."

"पण सगळ्यांच्या मागे पळून तुला मिळतं तरी काय?" हे त्याने टोमणा म्हणून नाही, खरोखर विचारलं.

मागलीने विचार केला. असलं कोणी विचारण्याची तिला सवय नव्हती. "पुढे कोणाची तरी पाठ दिसत असते," ती म्हणाली. "कोणाचीही. लंगडत चाललेली असते, कुरकुरत असते. ती दिसत असली की माझे पाय आपोआप उचलतात. पुढली गेल्यापासून पुढे बघितलं की नुसता रस्ता दिसायचा."

सुनेने हातातली शेंग मोडली.

नवऱ्याने मशिनमध्ये तेलाचा थेंब सोडला, चालू करून आवाज ऐकला, बंद केलं. "तुझ्या जागी कोणाला तरी घेतलं असेल ना आता?"

"कॉलेजातला एक मुलगा घेतलाय, असं त्या बाई सकाळी म्हणाल्या. सरावात दोनदा सगळ्यांच्या पुढे निघून गेला. त्याला मागे राहताच येत नाही."

"सोपं काम नाही ते," नवरा म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या कामाला दिलेलं हे पहिलंच प्रमाणपत्र. ते कुठे ठेवावं तिला कळेना, म्हणून तिने शर्यतीच्या बाईंना फोन लावला.

"हॅलो, मी बोलतेय. नाही, नाही, बरी आहे. आजारी नव्हतेच. मुलाने कळवलं ते काळजीपोटी कळवलं, चूक झाली त्याची. हो, इथेच उभा आहे. त्या पोराला पुढे पळू दे, त्याचं वय आहे. माझं जॅकेट बाजूला काढून ठेवा. आणि कमानीवाल्यांना सांगून ठेवा, घाटात वेळ लागतो, शिडी लवकर लावू नका."

फोन ठेवून ती आत गेली. कपाटावरची बॅग काढली, झटकली, आणि बाहेर आणून सगळ्यांच्या मध्ये टेबलावर ठेवली, नवऱ्याच्या वर्तमानपत्रावरच.

"शनिवारी सकाळच्या बसने जातेय," ती म्हणाली. "सोमवारी येईन. हॉल ठेवायचा की सोडायचा ते तुम्ही ठरवा, माझी खुर्ची मांडू नका. आणि हे या एका रविवारचं नाही. इथून पुढे महिन्यातला एक रविवार मी घरी नसणार."