मुलाखतीचे पोहे

"पडलं नाही, आजी. मी पाडलं."

आमच्या स्वयंपाकघरात भांडं वाजलं की पाठोपाठ हे वाक्य ठरलेलं. वरच्या मजल्यावरची ती, अकरावीतली. एका हातात वाटी, एका हातात चमचा, दोन्ही एकदम सोडायची आणि आधी काय टेकतं ते फरशीशी डोळे नेऊन बघायची. मी म्हणायची, "अगं, वाटी चेपली माझी." ती म्हणायची, "किती चेपली ते बघू द्या." तुमच्याही जिन्यात अशी एखादी असेल. नसली तर तुमच्या वाट्या तरी शाबूत असतील.

तिला फिजिक्स करायचं होतं. इंजिनिअरिंग नाही, डॉक्टरी नाही, नुसतं फिजिक्स. मी शाळेत गेले सातवीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीचे पेपर आणि नातवंडांची पुस्तकं वाचून. मला वाटलं, हे मिक्सर दुरुस्तीचं मोठं शिक्षण असेल. माझा बिघडलेला मिक्सर नेऊन दिलाही. तिने तो उघडला, आत बघून फार खूश झाली, आणि तो अजून उघडाच आहे.

तिच्या घरात खोली एक आणि माणसं पाच, म्हणून तिचा पुढचा सगळा आराखडा माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला. अकरावी, बारावी, प्रवेश परीक्षा, मुलाखत, संशोधन संस्थेत पाच वर्षं, मग पीएचडी, आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत 'विश्व'.

"विश्वाला किती वर्षं धरलीस?"

"ते चालूच राहणार, आजी."

"आणि लग्न?"

तिने जरा विचार केला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, 'जमल्यास'.

तिचे वडील शहाड स्टेशनबाहेर रिक्षा चालवतात. माणूस भला, बोलणं मोजकं. एकदा येऊन त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "मावशी, यात नोकरी कुठल्या ओळीत आहे?" मला सापडेना. तिलाही सापडेना. शेवटी ठरलं, बारावीनंतर एकदाच प्रयत्न करायचा. झालं तर झालं, नाही तर कल्याणच्या कॉलेजात गपचूप इंजिनिअरिंग. ती "बरं" म्हणाली आणि त्या दिवशी तिने काहीच पाडलं नाही. तेव्हा मला कळलं, पोरीच्या जिवाला लागलंय.

बारावीनंतर प्रवेश परीक्षा पास झाली. राहिली मुलाखत, तीही मोबाइलवर, माझ्या घरून. तिची तयारी करून घ्यायला मी भजनी मंडळातल्या दोघींना बोलावलं. आता आम्हा तिघींना मुलाखत माहीत ती एकच, पाहुणे मुलगी बघायला येतात ती.

"मान खाली ठेवून बोलायचं," एक म्हणाली.

"विचारलं तेवढंच सांगायचं," दुसरी म्हणाली. "आता जरा चालून दाखव."

ती दारापर्यंत जाऊन आली. "वेग ठीक आहे का?"

मुलाखतीच्या सकाळी माझे हात आपोआप पोह्यांकडे गेले. गरमागरम डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं. तिकडे मोबाइलात तीन चेहरे आले, इंग्रजीत प्रश्न सुरू झाले, आणि ही आम्ही पढवल्यासारखी मान खाली घालून "येस सर", "नो सर". मधले थांबे लांबत चालले. मी दाराआड उभी. हिचं नुकसान आम्हीच केलं हे मला कळत होतं, पण आत जाऊन सांगू काय? काही तरी निमित्त हवं म्हणून डबा घेऊन घुसले. तर झाकण निघेना.

"अगं, हे उघड बघू. चिकटूनच बसलंय."

मोबाइलातले एक सर हसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "का चिकटलं असेल?"

तिची मान वर आली. डबा कॅमेऱ्यासमोर धरून जी सुरू झाली ती आतली वाफ, गार झाल्यावर तिचं झालेलं पाणी, आत कमी झालेला दाब आणि बाहेरून झाकण रेटणारी हवा. सर मध्ये बोलायला गेले की "एक मिनिट, सर." वेळ संपली तेव्हा ती पट्टीने झाकण मोजत होती.

"आजी, तुम्ही यावर बसल्यासारखं आहे हे."

आकडा मी विचारला नाही.

निवड झाली. वडिलांनी खाली जाऊन धुतलेली रिक्षा पुन्हा धुतली. ती गेली, रेल्वेने दीड दिवस लागतो इतक्या लांब. तिचा फोन आला की वडील विचारतात, "जेवलीस का?" ती म्हणते, "हो." मग दोघंही गप्प. इतके गप्प की मला खाली ऐकू येतं.

परवा मी कल्याणला भाजी आणायला निघाले. रिक्षा स्टँडवर पहिला नंबर तिच्या वडिलांचाच होता. ते आपले मागच्या सीटवर बसून तिचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक वाचतायत, ओळीखाली बोट धरून. मागच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला.

"भाऊ, निघायचं ना?"

"बसा, मावशी." ते जरा सरकले. "आज तिला यातलं काहीतरी विचारीन म्हणतो. काय विचारायचं तेच अजून कळत नाहीये. एवढं पान होऊ द्या."