वहिनींचं वाक्य

तीन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला कायमचा निघालो, तेव्हा परतूर स्टेशनवर शेषराव एकटाच आला होता. गाडी हलली तरी खिडकीचा गज सोडेना. "मास्तर, मला वाचून दाखवल्याबिगर काही छापायचं न्हाई," एवढंच दटावून बोलला. चाळीस वर्षं आमची तीच रीत. मी लिहायचो, तो मोंढ्यातलं दुकान बंद करून ऐकायचा आणि कुठे खोटं वाटलं की तोंडावर सांगायचा.

पुण्यात सातव्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, खाली उतरायला लिफ्ट आहे. ऐकणारं कुणी नाही. काही महिने फोनवर वाचलं, मग त्याचे कान गेले आणि माझी हौस. गेल्या दिवाळी अंकाला कथा तशीच पाठवून दिली. त्याला ऐकूच येत नाही, अशी मी माझी समजूत घातली. खरं तर घाबरलो होतो. कथा त्याच्या घरातली होती.

त्याची बायको, कमलवहिनी, एकदा रुसून आठ महिने माहेरी राहिल्या होत्या. परत आल्या त्या दिवशी दारातच नवऱ्याला जे बोलल्या, ते त्याने फक्त मला सांगितलं होतं. मी नावं बदलली, गाव बदललं, वाक्य मात्र जरा घासूनपुसून घेतलं: "मी तुमच्यासाठी न्हाई आले, म्हशीसाठी आले." वहिनींना जाऊन आता पाच वर्षं झालीत.

त्याच्या सुनेनं त्याला तो अंक मोठमोठ्यानं वाचून दाखवला. त्या दिवसापासून त्याच्या घरचा फोन कुणी उचलेना. आता तीच कथा पुस्तकात येतेय आणि प्रकाशक प्रुफं मागतोय. शेवटी मी गाडीत बसलो. परतूरला उतरून थेट त्याच्या घरी गेलो.

शेषराव ओट्यावर बसला होता. ये म्हणाला नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "चुकलो. पुस्तकातून काढून टाकतो."

"त्याचं काही न्हाई," तो म्हणाला. "ती म्हशीचंच बोलल्ती, बराबर. पण अशी न्हाई. मी आठवाया गेलो की आता तुझंच वाक्य येऊन राह्यलं. तिचं येईना. तूच सांग मास्तर, काय म्हणल्ती ती?"

मलाही आठवत नव्हतं.

परतीचं तिकीट रद्द केलं, प्रकाशकाला थांबवलं. चार दिवस झाले, मी एकेक वाक्य त्याच्या कानाशी म्हणून बघतो आणि तो मान हलवतो. मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, घरी कधी येताय?" काय सांगू त्याला? ते वाक्य सापडेपर्यंत मला कुठलंच घर नाही.