मी चपला नीट लावल्या

आधी हातातला चहा संपवा, मग सांगते. मागे एकदा हे सांगत असताना आमच्या विहीणबाईंना असा ठसका लागला की चहा नाकातून आला, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं. माझा वेंधळेपणा तसा घरात प्रसिद्धच आहे. पण नवी नवरी असताना जो घोळ मी घालून ठेवला, त्याला तोड नाही. एका सकाळी मी अख्खं गाव आजारी पाडलं. खोटं नाही सांगत! आणि तेही हातात फक्त एक केरसुणी घेऊन.

लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. ऑफिसांच्या पाट्यांचा रंगसुद्धा ओला असेल. आमच्या यजमानांनी निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला एका गावात नुकताच दवाखाना टाकला होता. पुढच्या खोलीत दवाखाना, मागं आमचा संसार. थोरल्या दिरांना हे अजिबात पसंत नव्हतं. "खेड्यात काय ठेवलंय? निलंग्यात ये, माझ्या दवाखान्यात शेजारी बस," असं त्यांचं चाललेलं. यांनी त्यांच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर गावाचा विश्वास बसला तर राहायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा. यांचा त्या गावावर फार जीव होता हो. माणसं नावानिशी ओळखायचे, त्यांच्या म्हशीसुद्धा ओळखायचे.

आणि मी? मी नांदेडची. गोदावरीच्या काठची. इथं येऊन बघते तर काय, दुष्काळ! विहिरी कोरड्या ठाक. टँकर यायचा वेशीपाशी, आणि यायचा नेमका दवाखान्याच्या वेळेला. पहिल्या आठवड्यात मी आंघोळीला चांगलं बादलीभर पाणी घेतलं, तर सासूबाई माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू मी तूप ओतून घेतलं अंगावर.

तर त्या दिवशी हे पहाटेच फटफटीवरून जवळच्या तांड्यावर बाळंतपणाला गेले होते. सासूबाई निलंग्याला. घरात मी एकटी. दवाखान्याचं दार उघडलं आणि माझं डोकंच सणकलं.

ओट्यावर एक माणूस नाही. पण चपला! दारापासून पार लिंबाच्या झाडापर्यंत वाकडीतिकडी रांग. बाप्याचे जोडे, त्याला लागून लेकराच्या स्लीपर, मग एक वहाण, एकटीच, तिची जोडीदारीण बेपत्ता. एक जोड तर अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. आणि कळस म्हणजे, एक जोड थेट उंबऱ्यावर, तोंड आत करून! मी म्हटलं, काय ही माणसं! दवाखाना आहे का बाजार? चपला इथं टाकून गेली कुठं सगळी?

आता मला सांगा, स्वच्छतेची आवड हा काय गुन्हा आहे? मी पदर खोचला. सगळ्या चपला उचलल्या, ओटा लख्ख झाडला. मग बाप्यांच्या एकीकडं, बायांच्या एकीकडं, लेकरांच्या पुढं, अशा उंचीप्रमाणं लावल्या. शाळेच्या फोटोत बसवतात ना, तशा. उंबऱ्यावरचा तो आगाऊ जोड उचलला आणि पार शेवटी, झाडाखाली नेऊन ठेवला. सडा टाकायला पाणी नव्हतं, म्हणून कोरड्यावरच छोटीशी रांगोळी काढली. दोन पावलं मागं जाऊन बघितलं. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, हे आले की बघतच राहतील.

थोड्या वेळानं वेशीकडून माणसं आली. डोक्यावर घागरी, हातात कळश्या, आणि सगळी अनवाणी. ओट्याशी आली आणि जागच्या जागी थांबली.

"आगं बया!" एक बाई म्हणाली. "ह्ये कुणी केलं?"

"मी," मी कौतुकाची वाट बघत म्हणाले.

 मग मारुतीआप्पा पुढं आले. आप्पा म्हणजे गावातले वाणसामानाचे दुकानदार, कपाळाला भस्म, आवाज भारदस्त. खोकल्याचं औषध न्यायला आले होते. ते अगदी हळू, लेकराला समजावतात तसं म्हणाले, "बाई, तो आमचा लंबर होता."

"कोणता नंबर?"

"चपलाचा! टँकरला बी हुबारायचं, हितं बी हुबारायचं. माणूस एक, लायनी दोन. मग चप्पल हितं ठिवायची अन् घागर घिऊन तिकडं पळायचं. ज्याची चप्पल म्होरं, तो म्होरं. कुणी कुणाच्या चपलेला हात लावत न्हाई."

"अन् उंबऱ्यावर ठिवली," मागून एक तरुण म्हणाला, "तर त्यो अर्जंट. त्याला कुणी अडवायचं न्हाई. समद्यांला ठावं हाय की."

सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून! इतकी सरळ गोष्ट सुनेला सांगावी लागेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तेवढ्यात गंगाबाई पुढं आल्या. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. पाठीवर हे मोठं गळू झालेलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं, मग लांब झाडाखाली बघितलं.

"माज्या वहाना तिकडं कुणी टाकल्या?"

मी रांगोळीकडं बघायला लागले.

बरं, इथवर झालं तेही निभावलं असतं. पण मग भांडण पेटलं. जो तो म्हणे मी पहिला. "तू कवा आलास? माजी चप्पल तुज्या म्होरं होती!" "तुजी कुठली? तुजी तर वाटंतच तुटली!" एका बाईची घागर कलंडली, तसा सगळ्यांचा जीव खाली वर झाला. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय, ते आता मुंबईपुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मी मनात म्हटलं, आता ही माणसं चिडून गेली की संपलं. दिवाळी लांबच राहिली, आठवडाभरात आमची ट्रंक निलंग्याच्या गाडीवर!

मग मी काय केलं? अक्कल चालवली. तीच चूक.

ओट्यावर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "भांडू नका! ज्याला जास्त त्रास होतोय, त्याला डॉक्टर आधी बघतील. बाकीचे मागून."

 मग आप्पांनी विचारलं, "जास्त म्हंजे किती जास्त?"

"म्हणजे..." मी बोटांवर मोजत सांगितलं, "उलट्या, जुलाब, चक्कर, हातापायाला गोळे."

बघा तुम्ही! मीच पढवलं! आप्पांनी जागच्या जागी कपाळाला हात लावला. "तसं म्हनाल तर मला सकाळपासून गरगरून राहिलंय."

"मला बी!" शेजारचा म्हणाला. "आन् दोन डाव परसाकडं जाऊन आलो."

"माज्या पोराला उलटी झाली," एक बाई म्हणाली. पोरगं गूळशेंगदाणे खात होतं. तिनं त्याच्या हातातला गूळ काढून घेतला, तसं ते भोकाड पसरून जमिनीवर लोळायला लागलं. ते बघून आणखी दोघं आडवे झाले. पायाला गोळे आले म्हणून एकानं असा आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का? नाही कळलं! वय काय माझं? शिवाय दुष्काळात गढूळ पाण्यानं काय काय होतं ते यांनीच मला सांगून ठेवलं होतं. सगळे टँकरवरूनच आलेले. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. साथ! मी जी पळत सुटले ती थेट पोस्टात. गावात फोन तेवढा एकच. पोस्टमास्तरांच्या हातातून ओढूनच घेतला म्हणा ना.

"लातूर द्या! आरोग्याचं ऑफिस! डॉक्टरांच्या घरून बोलतेय. अहो, निम्मं गाव पडलंय!"

"सगळ्यांना एकदम?" पलीकडून आवाज.

"हाव! एकाच ओट्यावर!"

पूर्वी जिल्ह्याचं ठिकाण लांब. साहेब यायचे ते सावकाश. पण नव्या जिल्ह्याचा उत्साहही नवा होता. रस्त्यावर धुरळा उडवत जीप आली ती मला वाटलं त्याच्या कितीतरी आधी. तरुण साहेब, सोबत नर्सबाई, सलाइनच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडरीची पोती. आणि नशीब बघा, नेमके त्याच वेळी आमचे हे फटफटीवरून आले. दमलेले, पण चेहऱ्यावर आनंद. मुलगी झाली होती तांड्यावर, दोघी सुखरूप.

ओट्यावर काय चित्र होतं? मी पोस्टात गेले आणि तिथूनच जीपची वाट बघत वेशीवर थांबले, तेवढ्यात गावकऱ्यांनी आपसात बसून नंबर पुन्हा लावून टाकले होते. कोण कुणाच्या मागं होतं, सगळ्यांना पक्कं आठवत होतं! भांडण मिटलं होतं. आप्पा तंबाखू मळत होते. पोरगं परत शेंगदाणे खात होतं.

"पेशंट कुठंयत?" साहेबांनी विचारलं.

हे माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं.

"डॉक्टर, तुमच्या घरून फोन होता. दुसऱ्या गावचं काम टाकून आलोय मी. ही काय थट्टा आहे? उद्या खरंच साथ आली तर तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

यांचा चेहरा उतरला. तो चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं.

आणि मग, सांगते काय, त्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. डॉक्टर अडचणीत आलाय हे त्यांना कळलं. आप्पांनी हातातली तंबाखू टाकली आणि पोट धरलं. "आयायाया!" मागून आणखी एक विव्हळला. नंबर लागलेली माणसं पटापट आडवी व्हायला लागली. ज्यांचा विश्वास बसेल का म्हणून आम्ही काळजी करत होतो, ती माणसं यांच्यासाठी धुळीत लोळत होती हो!

"अहो, आत्ता तर तंबाखू मळत होता तुम्ही!" साहेब ओरडले.

"तीच बाधली की साहेब," आप्पा म्हणाले.

नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेब मात्र पेटले. "मला खरं सांगा! इथं खरोखरचं आजारी कोण आहे? एक तरी माणूस दाखवा!"

गंगाबाई उठल्या. पाठ वाकलेली, गळू ठणकत असणार. मला वाटलं, आता स्वतःचं गळू दाखवतील आणि आम्हाला वाचवतील. त्यांनी काठी उचलली आणि सरळ माझ्यावर रोखली.

"हिला बगा आधी. आमचं मागून बगा. हिचं डोस्कं सकाळपासून ठिकाणावर न्हाई."

अख्खा ओटा खदखदून हसला. विव्हळणारेसुद्धा! साहेबांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण नाही जमलं. मी मोठ्या आशेनं यांच्याकडं बघितलं. आता नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यायला नको का? यांनी शांतपणे माझा हात धरला, नाडी बघितली, मान हलवली आणि साहेबांना म्हणाले, "जुनं दुखणं आहे साहेब. लग्नाआधी हिच्या माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं."